पिशवी ठेवायची आहे ना? मग ऐक

आधी तो सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला ठेव आणि दोन घास खाऊन घे. ऑपरेशनचं नाव निघाल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही, हे तू न सांगताही कळतंय मला. पिशवीत गाठी आहेत, दर पाळीला अंगावरून भरमसाट जातंय, हिमोग्लोबिन पार खाली आलंय. डॉक्टर म्हणतात, एक तर नुसत्या गाठी काढू, नाहीतर पिशवीच काढून टाकू. सासूबाईंचं मत एक, आईचं दुसरं, आणि मोबाइलवर वाचायला बसलं की डोकं आणखीच फिरतं. हो ना? मी यातून गेलेय गं. तुझ्या मनातले निम्मे प्रश्न मला पाठ आहेत, आणि जे तू संकोचाने विचारणार नाहीस तेही.

सगळ्यात आधी ती मोठी भीती काढून टाकू. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्याच स्नायूंची वाढलेली गाठ. ती कॅन्सरची नसते. कधीतरी फायब्रॉइडसारखी दिसणारी गाठ कॅन्सरची निघते, पण ते फार क्वचित, ऑपरेशन झालेल्या शेकडो बायकांत एखादीच्या बाबतीत. वय वाढेल तशी ती शक्यता जरा वाढते, म्हणून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला पाठवतात. आणि तू काही जगावेगळी नाहीस बरं. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांच्या पिशवीत या गाठी झालेल्या असतात, कित्येकींना जन्मभर पत्ताही लागत नाही. तू काही चुकीचं खाल्लंस, फार धावपळ केलीस, लग्न उशिरा केलंस म्हणून हे झालं, असं कोणी म्हणालं तर मान डोलव आणि विषय बदल.

आता आण तो रिपोर्ट. 'बल्की युटेरस' वाचून घाबरलीस ना? पिशवी नेहमीपेक्षा मोठी दिसतेय, एवढाच त्याचा अर्थ. बघायच्या गोष्टी तीन: गाठी किती, केवढ्या, आणि कुठे. त्यातली 'कुठे' ही सगळ्यात महत्त्वाची. 'सबम्युकोसल' लिहिलं असेल तर गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावतेय. ती अगदी २ सेंटिमीटरची असली तरी रक्ताचे पाट वाहवते. 'इंट्राम्युरल' म्हणजे पिशवीच्या भिंतीत. 'सबसेरोसल' म्हणजे बाहेरच्या अंगाला, ती पाळीला फारसा त्रास देत नाही, पण मोठी झाली की लघवीच्या पिशवीवर दाब आणते, सारखं उठावं लागतं. म्हणून शेजारणीची ८ सेंटिमीटरची गाठ तशीच ठेवलीय आणि तुझी ३ सेंटिमीटरची काढायला सांगितलीय, यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही. गाठी पुष्कळ असतील तर डॉक्टर एमआरआय सांगतील. महागडा आहे, पण कुठे काय आहे याचा नकाशा हातात आला की ऑपरेशन नीट आखता येतं. तिथे काटकसर करू नकोस.

गाठ दिसली म्हणजे काढलीच पाहिजे असं मुळीच नाही. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. पाळी जायच्या बेतात असेल तर वाटही बघतात, कारण पाळी गेली की गाठी आपोआप आकसतात. रक्तस्राव आटोक्यात ठेवायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, पोकळी फार वेडीवाकडी झालेली नसेल तर हार्मोनची तांबी बसवता येते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही एक उपाय आहे, तो रक्तवाहिन्यांतून नळी घालून करतात, पण पुढे मूल हवं असेल तर सहसा सुचवत नाहीत. हे सगळं विचारून झालंय, तरी ऑपरेशनच करायचं ठरतंय, असं धरूनच मी पुढचं बोलतेय.

तर आता पिशवी. खरं सांगू का, या बाबतीत मी शांतपणे बोलू शकत नाही. 'मुलं झाली ना, मग आता ती पिशवी काय कामाची?' हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि शिकल्यासवरल्या बायकांच्या तोंडूनही ऐकलंय. माझी दोन्ही मुलं तेव्हा शाळेत जात होती. तिसरं नको होतं. तरीही मी नुसत्या गाठी काढून घेतल्या, कारण मला माझी पिशवी हवी होती. तेवढं कारण पुरतं. समोरच्याला पटवून द्यायला त्याला मुलाची जोड द्यावी लागत नाही.

आपल्याकडे हे का इतक्या ठासून सांगावं लागतं, ते आठव. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची हकिगत सगळ्या महाराष्ट्राने वाचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आकडे आले, त्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणी ऐन तिशीत. पाळीत एक दिवस फडात गेलं नाही की खाडा, खाड्याला मुकादमाचा दंड, आणि वर डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. दुखणं गोळ्यांनी बरं होण्याजोगं असूनही पिशवी गेली, काहींची अंडाशयंही गेली. मग ऐन उमेदीत पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशव्या काढणं थांबवण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. तू शहरात राहतेस, हातात मेडिक्लेम आहे, विचारायला माणसं आहेत. तुला 'थांबा, मला विचार करू दे' म्हणता येतं. ते म्हण.

पण हेही ऐक. पिशवी काढणं नेहमीच चूक असतं, असं माझ्या तोंडी घालू नकोस. गाठी ढिगाने आहेत, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस आहे, एकदा ऑपरेशन होऊन गाठी पुन्हा आल्यात आणि त्या बाईलाच आता यातून कायमचं मोकळं व्हायचंय, तर तो तिचा शहाणा निर्णय आहे. माझ्या नणंदेने तसाच घेतला आणि ती मजेत आहे. गाठी पुन्हा होणार नाहीत याची हमी फक्त त्याच ऑपरेशनात मिळते. माझं म्हणणं इतकंच की ठरवायचं तिने, आणि अंडाशयं निरोगी असतील तर ती का काढताय हा प्रश्न तरी विचारायचाच.

'गाठी फार आहेत, नुसत्या गाठी काढणं जमणार नाही,' असं एका डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खचू नकोस. दुसरं मत घे. रिपोर्टांची फाइल घेऊन केईएम, ससून किंवा नागपूरच्या मेडिकलसारख्या शिकवण्याच्या रुग्णालयात गेलीस तरी चालेल, रांग लागेल पण अवघड केसेस रोज बघणारे डोळे मिळतील. लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे मोठे सर्जन होऊन गेले. त्यांच्या स्वतःच्या बायकोची पिशवी तरुणपणीच फायब्रॉइडमुळे काढावी लागली होती, त्यांना मूल झालं नाही. त्या माणसाने पुढचं आयुष्य पिशवी वाचवून गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतलं, रक्तस्राव आवरण्यासाठी चिमटा तयार केला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. एका बाईच्या पिशवीतून त्यांनी २२५ गाठी काढल्या होत्या आणि पिशवी जागेवर ठेवली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या साधनांनी, बघ. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. 'डॉक्टर, तुम्ही हे ऑपरेशन नेहमी करता का?' असं सरळ विचार. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

ऑपरेशन तीन तऱ्हांनी होतं. गाठ पोकळीत असेल आणि फार मोठी नसेल तर खालच्या वाटेनेच दुर्बीण घालून काढतात, पोटावर टाका नाही, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. भिंतीतल्या थोड्या गाठी असतील तर पोटावर तीन-चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून. आणि गाठी मोठ्या किंवा पुष्कळ असतील तर पोट उघडून, सिझेरियनसारखा खाली आडवा छेद घेऊन. माझं हे तिसरं झालं. दुर्बिणीतून म्हणजे आधुनिक आणि उघडून म्हणजे मागासलेलं, हा समज डोक्यातून काढ. उघडल्यावर डॉक्टरांना बोटांनी भिंत चाचपता येते, लपलेल्या लहान गाठी हाताला लागतात. तुझ्या गाठींना जे योग्य आणि तुझ्या डॉक्टरांचा हात ज्यात बसलाय, ते चांगलं.

आत काय करतात ते ऐकायचंय? मला ऐकल्यावर बरं वाटलं होतं, म्हणून सांगते. आधी पिशवीत रक्तवाहिन्या आकसवणारं इंजेक्शन देतात, ती पांढुरकी पडते आणि रक्त कमी जातं. मग गाठीवर छेद घेतात. गाठीभोवती एक पातळ वेष्टन असतं, ते नेमकं सापडलं की फणसाच्या गऱ्यातून आठळी सुटावी तशी गाठ सुटून येते. मग रिकामी झालेली जागा दोन-तीन थरांत शिवतात. सगळं कौशल्य त्या शिवण्यात आहे, कारण पुढे गरोदर राहिलीस तर ताण त्याच टाक्यांवर येणार. दुर्बिणीतून करणार असतील तर एक विचार: गाठ बारीक करून बाहेर काढताना ती पोटातच एका थैलीत बंद करून मग बारीक करणार ना? क्वचित एखादी गाठ वाईट निघाली तर तिचे कण पोटभर सांडू नयेत म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. विचारायला लाजू नकोस.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुझ्यावर खरंच ओरडणार आहे ती गोष्ट: हिमोग्लोबिन. बाईचं बारा तरी असावं. तुझं आठच्या आत असेल तर ऑपरेशनची घाई करू नकोस, आधी रक्त भरून काढ. या ऑपरेशनात रक्त जातं, आणि अंगात मुळातच नसेल तर ते जायला कुठून परवडणार? बीट, खजूर, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळं खा, आईला करून वाढू दे, तिलाही बरं वाटेल. पण एवढ्या खाली गेलेलं रक्त नुसत्या लाडवांनी वर येत नाही गं. लोहाच्या गोळ्या लागतात, आणि त्या घ्यायची रीत असते. लिंबूपाण्याबरोबर घे. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेव. संडासला काळी होईल, घाबरू नकोस, बद्धकोष्ठ होईल, त्याला रात्री इसबगोल घे. पोटाला झेपतच नसेल किंवा दिवस थोडे असतील तर शिरेतून लोह देतात. सलाईनमध्ये काळपट तपकिरी औषध दिसतं, तासाभरात काम होतं, आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत आकडा वर चढताना दिसतो. त्याची किंमत ऐकून कचरू नकोस, रक्ताची बाटली चढवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. कधी कधी डॉक्टर तीन महिने पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं देतात. त्याने गाठ आकसते आणि तेवढ्या काळात रक्त साठतं. मात्र त्या दिवसांत अंगातून वाफा येतील, चिडचिड होईल, घरच्यांना आधी सांगून ठेव.

काढ्याने गाठ विरघळते म्हणून कोणी बाटल्या देईल. हिमोग्लोबिन सात असताना सहा महिने काढे पिऊन काढलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या शेवटी रात्री-बेरात्री ॲडमिट होतात. तू तसं करायचं नाहीस. आणि गणपतीत, मंगळागौरीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर घेत असशील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. थायरॉइड, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी, एकूण एक चिठ्ठी फाइलमध्ये लाव.

पैशाचं लगेच उरकते. मेडिक्लेमची पॉलिसी उघडून बघ, बऱ्याच पॉलिस्यांत फायब्रॉइडसाठी पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाणार असशील तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, तुझं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कुठले कागद लागतील ते त्याच्याकडूनच लिहून घे. रक्तपेढीत बाटली राखून ठेवायला सांगतील, तुझा रक्तगट दुर्मीळ असेल तर रक्त देणारे दोघं-तिघं आधीच हेरून ठेव.

संमतीपत्रावर सही करताना एक ओळ वाचून तुझा हात थांबेल: 'गरज पडल्यास गर्भाशय काढावे लागेल.' माझाही थांबला होता. ती ओळ सगळ्यांच्याच कागदावर असते. रक्त थांबतच नसेल, जिवावर बेतलं असेल, तर तो मार्ग मोकळा असावा म्हणून. तशी वेळ शंभरात एक-दोघींवर येते, सरावलेल्या हाती त्याहून कमी. पण सही करण्याआधी डॉक्टरांना नवऱ्यासमोर स्पष्ट सांग की अगदी शेवटचा उपाय म्हणूनच, आणि रक्तस्रावाखेरीज दुसऱ्या कुठल्या कारणाने नाही. बाहेर बसलेल्या माणसांनाही हे माहीत हवं. कारण ऐन वेळी ओटीच्या दारात घरच्यांना विचारतात, आणि घाबरलेला माणूस 'काढून टाका' म्हणून मोकळा होतो.

ओटीच्या दाराचं निघालं म्हणून आठवलं. ऑपरेशन झालं की नातेवाइकांना बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये गाठी दाखवतात. पांढुरक्या, घट्ट, आणि कापलेल्या भागावर धागे गोल गोल वळलेले दिसतात. त्या वेळी रक्त बघून चक्कर न येणारं माणूस दाराशी असू दे. काही ठिकाणी फॉर्मॅलिनची बरणी आणि चिठ्ठी हातात देऊन प्रयोगशाळेत पोचवायला सांगतात. ती बरणी हरवता कामा नये, आणि आठ-दहा दिवसांनी तो रिपोर्ट विसरायचा नाही. घरातल्या एका जबाबदार माणसावर हे काम नावानिशी टाक.

दवाखान्यातले दिवस निघून जातात. लघवीची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. त्याच दिवशी उठवून चालवतात, तेव्हा नर्सचा राग येईल, पण ऊठ. पायांत रक्त साकळू नये म्हणून ते चालणं असतं. सगळे येऊन 'गॅस गेला का?' एवढंच विचारतील. त्याची लाज वाटून घेऊ नकोस, आतडी जागी झाली याची ती खूण, मग खायला मिळतं. दुर्बिणीतून झालं असेल तर खांदा दुखेल. हृदयाचं काही नाही बाई ते, पोटात भरलेल्या हवेमुळे दुखतं, दोन दिवसांत जातं. खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरून खोक. उठताना सरळ उठून बसू नकोस: गुडघे वाकव, कुशीवर वळ, कोपराचा आणि हाताचा रेटा देऊन ऊठ. आत्ताच पलंगावर चार वेळा करून बघ, तेव्हा अंग आपोआप करेल.

घरी आल्यावरचं सांगते, कारण तिथेच आपण बायका फसतो. बाहेरची जखम आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते आणि सगळ्यांना वाटतं, झाली ही बरी. आत पिशवीवर टाके आहेत, ते कोणाला दिसत नाहीत. पोट उघडलं असेल तर सहा आठवडे, दुर्बिणीतून असेल तर दोन ते चार आठवडे, हा हिशेब घरच्यांना आधीच ऐकव, तारखेनिशी कॅलेंडरवर लिही. भरलेली बादली, गव्हाचा डबा, पाच लिटरचा कुकर, धाकटं पोर, यातलं काहीही उचलायचं नाही. ओट्यापाशी उभं राहून चहा केलास तर चालेल. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आण.

आणि कपडे! याबद्दल कुठलाच डॉक्टर बोलत नाही. परकराची नाडी आणि सलवारची नाडी नेमकी त्या आडव्या टाक्याच्या आसपास काचते. पहिले काही आठवडे सैल गाऊन घाल. निकर नेहमीपेक्षा एक माप मोठी, सुती, बेंबीपर्यंत येणारी आण. साडीच नेसायची असेल तर थांब, काही बिघडत नाही. भेटायला येणाऱ्यांसमोर गाऊनवर ओढणी घेतलीस की झालं. खरं तर त्यांनाही पहिल्या आठवड्यात येऊ देऊ नकोस, दार तुझ्या नवऱ्याला सांभाळू दे.

थोडं थोडं अंगावरून जाणं दोन-तीन आठवडे चालतं. पहिली पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, ती जरा जास्त किंवा वेडीवाकडी असू शकते, लगेच 'काही उपयोग झाला नाही' म्हणून रडत बसू नकोस. खरा फरक दोन-तीन पाळ्यांनंतर कळतो. पण ताप १०१च्या वर गेला, तासाला एक पॅड भिजू लागलं, घाण वास येऊ लागला, टाक्यातून पू आला, एक पोटरी सुजून दुखू लागली, किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजताही दवाखान्यात फोन करायचा. 'डॉक्टरांना कशाला त्रास' हा विचार त्या दिवसांपुरता कपाटात ठेव.

नवऱ्याजवळ जायचं कधी, हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. साधारण सहा आठवडे थांबायचं, आणि पुढची तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणाले की मग. त्यानंतरही काही महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. भिंतीतल्या गाठी काढल्या असतील तर तीन ते सहा महिने, छेद खोल असेल तर त्याहून जास्त थांबायला सांगतात. टाके पक्के होऊ देत. मूल हवं असेल तर होतं गं, माझ्या ओळखीत झालीत. टाका उसवण्याची शक्यता शंभरात एकीपेक्षाही कमी, पण ती पत्करायची नाही म्हणून खोल छेद असेल तर कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन करतात. ते आत्ताच मनात धरून ठेव, म्हणजे तेव्हा धक्का बसणार नाही.

गाठी परत येतात का? येतात. हे तुझ्यापासून लपवून मी तुला धीर देणार नाही. काही वर्षांनी सोनोग्राफी केली तर बऱ्याच जणींत लहानसहान गाठ पुन्हा दिसते, पुष्कळ गाठी होत्या त्यांच्यात जास्त. पण दिसणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं. पुन्हा ऑपरेशनची वेळ त्यातल्या थोड्याच जणींवर येते, आणि पाळी जाईपर्यंतची वर्षं नीट गेली की गाठींचा जोर ओसरतो. माझ्या पिशवीत आता एक लहान गाठ आहे. वर्षाला सोनोग्राफी करते, पाळी व्यवस्थित आहे, मी तिला तिथेच राहू दिलंय. मला हा सौदा मान्य आहे. तुला तो मान्य आहे का, हे ऑपरेशनच्या आधी ठरव.

घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर भागवू नकोस. ऑपरेशन नोट मागून घे. गाठी किती काढल्या, कुठून काढल्या, पिशवीवर छेद किती आणि कुठे, आतली पोकळी उघडली गेली का, हे सगळं त्यात असतं. पुढे दिवस गेले तर बाळंतपण कसं करायचं ते डॉक्टर त्या कागदावरून ठरवतील. ती फाइलमध्ये ठेव, फोनमध्ये फोटो काढ, आणि एक फोटो मला पाठव, माझ्याकडे हरवत नाही. तारीख ठरली की कळव. पहिल्या रात्री तुझी आई राहील, तिला राहू दे. दुसऱ्या रात्री मी येते.